हाकब्याड

ओम्नीचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं,
म्हणजे आपण त्याच्यावर बसूनच जातो,
चुलीवर पाट मांडल्यासारखं.
जांबोटी सोडली आणि पाट तापला.
मागं अकरा डबे कुंदा,
कणकुंबीचं लग्न, पंगत साडेबाराची,
आणि काटा लाल रेघेला टेकलेला.

सीट उचलली. वाफ, रबराचा वास.
पायाशी हिरव्या पाण्याचा कॅन होता.
"तापली तर हे घाल," अडिवेप्पा एवढंच म्हणाला होता मागच्या खेपेला.
कुठं, ते मी विचारलं नव्हतं.
दिसलं ते झाकण एकच, काळं, मुठीत मावणारं.

फोन लावला.
शहापुरात तीस वर्षं दूध आटवतेय,
कन्नड बोलते मोडकं, ऐकते बरं.
रानात रेंज एका काडीची.
तो उद्यमबागेतून ओरडत होता,
मागं कुणीतरी पत्रा ठोकत होतं:
"एण्णी बायाग हाक—"
आणि फोन गेला.

तेलाच्या तोंडात घाल. बरं.
ओतलं. सगळं. गोडसर वासाचं ते
सरबतासारखं गटागटा उतरलं.
मग तोच शब्द डोक्यात परत वाजला,
आमच्याकडं हाक म्हणजे चालव,
बैल असो नाहीतर मोटार.
म्हणून हाकली.
कन्नडात ऐकून ओतलं,
मराठीत ऐकून निघाले.
इतकी आज्ञाधारक मी शाळेत नव्हते.

चार किलोमीटर. मग सीटखाली कुणीतरी
खलबत्त्यात सुंठ कुटायला लागलं.

तेलाची पट्टी ओढून बघायची असते, एवढं माहीत होतं.
पट्टीवर साय.
खोटं नाही सांगत, साय.
फिकट, जाड, चहात दूध जास्त झाल्यासारखी.
मी आधी हसले.
माझा धंदाच पांढऱ्याचं तपकिरी करायचा,
चार चार तास, उलथनं न थांबवता,
खांदा निखळेपर्यंत.
आणि इथं इंजिनानं दहा मिनिटांत
काळ्याचं दूध करून दाखवलं.
हसू मग कुठं गेलं काय की.

गोव्याला भाजी नेणारा टेम्पो थांबला.
कोबीच्या पोत्यांवर डबे चढवले.
क्लीनर पोरगं म्हणालं, "मावशी, एक कमी पोचला तर?"
म्हटलं, मोजून देतेय, मोजून घेतील.

अडिवेप्पा दीड तासानं आला, लुनावरून,
तोंडात तोच शब्द, अजून न संपलेला.
"हाकब्याड म्हटलो की अक्का, हाक-ब्याड!
किती वेळा ओरडलो. फोन मेलेला."
नको घालू.
शेपूट तेवढं रानात अडकलं होतं.
मग त्यानं सीटवर हात ठेवला,
पोराचा ताप बघतात तसा,
आणि हळूच विचारलं, "चालू केलीस काय?"
मी चार बोटं दाखवली.
तो चिडला नाही.
कणकुंबीकडच्या रस्त्याकडं बघत उभा राहिला नुसता.
ते जास्त लागलं.

रात्री गॅरेजात ते सगळं सोडलं
माझ्याच दुकानाच्या एका जुन्या डब्यात,
त्यात तो स्क्रू ठेवायचा.
दोनदा धुवून बघू म्हणाला,
बेअरिंग गेलं असेल, नसेलही.
अर्धंच बोलणं पोचवलं, अर्धंच बिल घेतो म्हणाला.
मी पूर्ण देणार.
हा वाद अजून मिटलेला नाही.

डब्यावर लेबल: कस्तुरी कुंदा, शहापूर.
आत दुधाळ, तकतकीत.
त्याचा नातू कधी येऊन उकिडवा बसला
कळलंच नाही.
बोट बुडवलं, तोंडाकडं नेलं—
"ब्याड!"

ओरडले ती मी.
अडिवेप्पाच्या हातून पाना पडला.
पोरानं बोट चड्डीला पुसलं,
वास घेतला, माझ्याकडं बघितलं
आणि विचारलं,
"अज्जी, कुंदा नासलाय काय?"